जवाच्या चोवीस बाटल्या

त्या वर्षांत मी दिवसभर बाटल्याच बघायचे. मुलुंडला आग्रा रोडला लागून औषधांची एक कंपनी होती, तिथे सलाइनच्या लायनीवर मी तपासणीला होते. समोर ट्यूबलाइट आणि तिच्यामागे एक फळी, अर्धी पांढरी, अर्धी काळी. बाटली मानेला धरायची, हळूच उलटी करायची, आधी पांढऱ्यावर बघायची, मग काळ्यावर. पांढऱ्यावर काळा कण दिसतो. काळ्यावर काचेची कपची दिसते, धागा दिसतो. काही नसलं तर बाटली डावीकडे, असलं तर लाल क्रेटमध्ये. सकाळी सात ते दुपारी तीन. सहा वर्षं हेच करून माझ्या डोळ्यांना अशी खोड लागली होती की आमटीत बघितलं तरी मी कण शोधायचे.

घरी आम्ही तिघं. भांडुपच्या टेकडीखाली एका चाळीत पहिल्या मजल्यावर एक खोली, आत मोरी, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. बाबा कुर्ल्याच्या गिरणीत विणाईत होते. संप झाला, तो रेंगाळला, आणि गिरणीचं गेट पुन्हा धड उघडलंच नाही. पहिलं वर्षभर बाबा रोज सकाळी कपडे करून कुर्ल्याला जाऊन यायचे, गेटवर उभं राहायला. मग तेही बंद झालं. तेव्हापासून ते गॅलरीतल्या लोखंडी खुर्चीवर बसायचे. बोलायचे फार कमी, आणि जे बोलायचे ते आईशी.

दादा आखातातून परत आला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तो तिकडे इलेक्ट्रिशियन होता. करार दोन वर्षांचा, पण कंपनीनेच गाशा गुंडाळला आणि चौदा महिन्यांत सगळ्यांना विमानात बसवलं. येताना त्याने एक टेपरेकॉर्डर आणला, आईला ब्लँकेट आणलं, मला अत्तर आणलं. बाबांना एक घड्याळ आणलं, ते त्याने आईच्या हातात दिलं. कारण त्या दोघांचं बोलणं नव्हतं. संपाच्या काळात दादा एकदा म्हणाला होता, “बाबा, आता पुरे झालं, लोक आत जायला लागलेत, तुम्हीपण जा.” बाबा गेले नाहीत. त्यावरून दोघांनी एकमेकांना काहीबाही सुनावलं होतं, आणि पुढे दीड-दोन वर्षांनी, तशाच अबोल्यात, दादा तिकडे निघून गेला होता.

आता दोन पुरुष दिवसभर घरात. एक गॅलरीत, एक खोलीत. दादा सकाळी एजंटकडे चक्कर मारून यायचा आणि बाराच्या सुमाराला परत. मी दुपारी पावणेचारला घरात शिरले की तिघंही माझ्याकडे बघायचे. जणू मी काहीतरी बातमी आणणार होते. माझ्याकडे बातमी नसायची. मला फक्त पाय वर घेऊन पडायचं असायचं.

एक दिवस आले तर खोलीभर ओल्या धान्याचा वास. आईने परातीत ओल्या पंचाखाली जव पसरले होते. नाचणीला मोड आणून सत्त्व करायची तिला सवय, तसेच तिने जवाला मोड आणले होते.

“हे काय गं? कोण आजारी आहे?”

आई म्हणाली, “तुझ्या भावाक इचार. बिअर करूची म्हणता.”

दादा पाटावर बसून एका वहीत काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, “तिकडे शिकलो. आमच्या कॅम्पवर एक गोरा फोरमन होता. त्या देशात थेंब मिळत नाही ना, तर तो त्याच्या खोलीत करायचा. मी त्याचा एसी दुरुस्त करून द्यायचो, त्याने मला हे शिकवलं.”

“अरे पण इथे दुकानात मिळते की.”

“मिळते.”

“मग?”

“मग काही नाही. करून बघतो.”

मला राग आला. कशाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. घरातली एकटी मी सकाळी पाचला उठत होते आणि इथे जवाला मोड येत होते. पण भांडायलाही अंगात काही लागतं. मी कपडे बदलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आईला वेगळीच धास्ती. “रे झिला, पोलीस इले तर काय सांगशीत?”

“सांगेन जवाचं पाणी आहे. किडनीला चांगलं असतं.”

पुढचे काही दिवस मी ते सगळं येता-जाता बघत होते. मोड आलेले जव गॅलरीत वाळले. आईने ते तव्यावर हलके भाजले, हाताने चोळून मोड पाखडून टाकले आणि पाट्यावर भरड केली. दादाने मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, बोट बुडवलं की चटकन काढावं लागेल इतकं, आणि भरड त्यात घालून पातेलं तासभर गोधडीत गुंडाळून ठेवलं. मग आईच्या जुन्या लुगड्यातून ते पाणी गाळलं. मी चमचाभर चाखलं. गोड होतं, साखर न घालता गोड. हे मात्र मला आवडलं, पण मी तसं बोलले नाही.

तिकडे त्यात कडवटपणासाठी कसलीशी सुकी फुलं घालतात, ती इथे कुठे मिळणार? दादा त्यावर अडून बसला होता. आई उठली, फडताळातून काडेचिराईताची पुडी काढली आणि त्याच्यापुढे टाकली. “कडू होया ना? ह्येच्यापेक्षा कडू काय नसता.” लहानपणी ताप आला की आम्हा दोघांना नाक दाबून पाजायची तेच ते. दादा हसायला लागला. घरात कुणी हसल्याचा आवाज मला तेव्हा चमत्कारिक वाटला. दोन काड्या टाकून ते पाणी उकळलं, त्यात गूळ घातला, निवू दिलं, आणि वीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओतून त्यात बेकरीतून आणलेलं यीस्ट सोडलं. पिंप मोरीच्या कोपऱ्यात, भोवती ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंघोळीला गेले तर पिंप सुरसुर करत होतं, झाकणाच्या कडेने फेस येत होता. अर्धवट झोपेत मला वाटलं कुणीतरी आत बसून श्वास घेतंय.

आता एका मीटरबद्दल सांगायला हवं. दादाने तिकडून एक काचेची कांडी आणली होती, वीतभर लांब, खाली फुगीर, वर बारीक, आत आकडे लिहिलेली पट्टी. फोरमनने त्याला निघताना दिलेली. तो तिला मीटर म्हणायचा आणि पायमोज्यात गुंडाळून मोरीच्या फळीवर ठेवायचा. पिंपातलं पाणी एका उंच ग्लासात काढून ही कांडी त्यात सोडायची. पाण्यात साखर असली की कांडी वर तरंगते. यीस्ट साखर खात जातं तशी ती दिवसेंदिवस खाली जाते. दादा मला समजावत होता आणि मी डोळे मिटून ऐकत होते.

“खाली जायची थांबली, सलग तीन दिवस एकाच आकड्यावर राहिली, की मगच बाटलीत भरायचं. त्याच्या आधी भरलं की वाट लागली.”

“का?”

“आत साखर शिल्लक असते. बाटलीत बंद केल्यावर यीस्ट ती खातं, गॅस होतो, जायला जागा नाही. बाटली फुटते.”

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. म्हणून पुढचं सगळं मला जास्त लागलं.

त्या आठवड्यात आमच्या लायनीवरची एक बाई रजेवर होती, तिच्याही बाटल्या माझ्याच वाट्याला आल्या. शनिवारी घरी आले तेव्हा डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. खोलीत कुणी नव्हतं. आई रेशनच्या रांगेत, दादा बाहेर, बाबा गॅलरीत खुर्चीवर. मोरीत माझे आठवड्याचे कपडे भिजत पडले होते आणि पिंपामुळे धड बसायलाही जागा नव्हती. मी बादली ओढली, ती अडली, मी जोर लावून ओढली. बादलीचा कान फळीला लागला आणि पायमोजा खाली पडला. आवाज अगदी बारीक आला. त्या आवाजाची मला सवय होती, लायनीवर रोज एखादी तरी फुटायची. मोजा हातात घेतला तर आत चुरा.

मी तो मोजा परत फळीवर ठेवला. कपडे धुतले, पिळले, गॅलरीत वाळत घातले. बाबांच्या डोक्यावरून दोरीवर कपडे टाकताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगेन उद्या, असं मी ठरवलं. खरं म्हणजे तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: कुणी मला काही विचारू नये.

रविवारी सकाळपासून दादा उत्साहात होता. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याने एक लोखंडी दांड्याचं यंत्र आणलं होतं, बाटलीला पत्र्याचं झाकण दाबून बसवायचं. घाटकोपरच्या एका सोडावाल्याकडून नवी झाकणं आणली होती. आणि चोवीस मोठ्या बाटल्या, भंगारवाल्याकडच्या, तपकिरी, तळाशी वाळलेली माती.

“बाटल्यांचं तू बघ गं,” तो म्हणाला. “ते तुझं काम. आम्हाला काय कळतंय.”

माझा सुट्टीचा एक दिवस. पण शनिवारच्या त्या मोज्यामुळे मी नाही म्हणू शकले नाही. मी बाटल्या धुतल्या. आधी कोमट पाण्यात सोड्यात भिजवल्या, आत खडेमीठ आणि रेती घालून हलवल्या, ब्रश फिरवला, तीनदा खंगाळल्या, मग आईच्या मोठ्या टोपात उकळल्या. ओठाला टवका गेलेल्या दोन बाद केल्या, कारण टवक्यावर झाकण घट्ट बसत नाही. दादाने त्याऐवजी दुसऱ्या दोन आणल्या. मग प्रत्येक बाटली गॅलरीच्या उजेडात धरून बघितली. सहा दिवस जे करत होते तेच सातव्या दिवशी.

बाबा खुर्चीवरून हे बघत होते. थोड्या वेळाने उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि एक बाटली उचलून उजेडात धरली. मग खाली ठेवून ते यंत्राकडे गेले. दांडा खालीवर करून बघितला. दांडा एका बाजूला ढिला होता. त्यांनी आईकडून खोबरेल मागितलं, एक जुना नट कुठूनसा काढला आणि अर्ध्या तासात तो दांडा मऊ चालायला लागला. विणाईत तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांचे हात यंत्रावर कसे पडत ते मी पहिल्यांदाच बघत होते. गिरणीत आम्हाला कोण नेणार होतं? दादाही बघत होता. त्याने झाकणांची पिशवी बाबांच्या बाजूला सरकवली.

आणि मग तो मीटर घ्यायला मोरीत गेला.

बाहेर आला तेव्हा मोजा त्याच्या तळहातावर उघडा होता. “हे कोणी केलं?”

आई म्हणाली, “मी हात लावक नाय.”

मी हातातली बाटली पुसत राहिले. आता बोलावं, आता बोलावं, असं चाललं होतं. तेवढ्यात बाबा बोलले. तीन वर्षांत ते दादाशी पहिल्यांदा बोलत होते.

“माझ्या हातातसून पडली.”

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. “तुमच्या?”

“होय.”

“मग सांगायचं ना! एक गोष्ट घरात धड राहत नाही. गिरणी गेली ती गेली, आता हे पण.”

आई ओरडली, “रे!” पण तो बोलून गेला होता. बाबांनी मान खाली घातली आणि दांड्याला तेल लावत राहिले. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. बघायची हिंमत नव्हती. मी उठून खरं सांगितलं असतं तर दहा सेकंदांत सगळं मिटलं असतं, आणि मी बसून राहिले. मी दमले होते हे खरं, पण दमलेल्या माणसालाही तोंड असतं.

दादाने पिंपाचं झाकण उघडलं, कान लावला. “फेस बसलाय. बुडबुडे पण नाहीत. झालं असेल.”

मी एवढंच म्हणाले, “आणखी तीन-चार दिवस थांबूया ना.”

“मीटर नाही तर तीन दिवसांनी तरी काय कळणार आहे? बाटल्या धुतल्यात, भरून टाकू.”

तो रागात होता, आणि रागात माणसाला काहीतरी संपवून टाकायचं असतं. आम्ही भरलं. दादाने रबरी नळीने पिंपातलं वरचं पाणी बाटल्यांत सोडलं, तळाचा गाळ न ढवळता. प्रत्येक बाटलीत आईने एक सपाट चमचा साखर घातली, कारण गॅस व्हायला थोडी लागतेच. मानेत दोन बोटं जागा मोकळी. बाबांनी झाकणं बसवली. दांडा दाबायचे, बाटली फिरवायचे, अंगठ्याने कड तपासायचे. चोवीस बाटल्या झाल्या तरी दोघांत एक शब्द नाही. बाटल्या खाटेखाली उभ्या ठेवल्या आणि पुढे गोणपाट टाकलं.

ऑक्टोबरचे दिवस होते आणि पत्र्याखाली खोली तापायची. आठव्या की नवव्या दिवशी, मी कामावरून येऊन खाटेवर पाय वर घेऊन चहा पीत होते. खाली एकदम धडाम झालं. आई मोरीतून “स्टोव्ह फुटलो!” म्हणत धावली. स्टोव्ह तर बंद होता. मग दुसरा आवाज, आणि खाटेखालून फेस जमिनीवर पसरायला लागला, त्यात काचा.

बाबा गॅलरीतून आत आले. “पाय वरच ठेव! खाली उतरू नको!” ते मला म्हणाले आणि स्वतः गुडघ्यांवर बसून गोणपाट ओढलं. शेजारच्या बाटल्या फुटायच्या आधी बाहेर काढाव्यात, असा त्यांचा विचार असणार. दोन काढल्या. तिसरी हातात फुटली.

तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला होता. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी हात दुसऱ्या हाताने धरला आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसले, रोजच्या खुर्चीवर. रक्त खुर्चीखाली साचलं. मी खाटेवरून उडी मारली, माझ्या ओढणीने हात बांधला. खालच्या मजल्यावर एक कोळीण राहायची, बाजारात मासळी विकणारी. आवाज ऐकून ती वर आली, एकदा रक्ताकडे बघितलं, एकदा फेसाकडे, आणि काही न विचारता रिक्षा बोलवायला धावली.

दवाखान्यात बाबांना सात टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, “कशाने कापलं?” मी म्हणाले, “बाटली फुटली.” खोटं नव्हतं.

दादा धावत आला तेव्हा बाबा बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते, हाताला हे एवढं बँडेज. दादा समोर उभा राहिला. मला वाटलं आता नाही तर कधीच नाही.

“दादा, तो मीटर मी फोडला. शनिवारी, कपडे धुताना. बाबांना ठाऊकही नव्हतं.”

तो माझ्याकडे वळला. “तू?”

“हो.”

“आणि तू बसून राहिलीस? मी त्यांना एवढं बोललो आणि तू ऐकत बसलीस?”

“हो.”

मला मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने मारलं नाही. बाबांकडे बघून म्हणाला, “आणि तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत?”

बाबा डोळे मिटूनच बोलले. “आवाज ऐकललंय मी. गॅलरीत बसलेलंय ना. ती काय बोलूक नाय, म्हणजे ती दमलेली. तिका आणखी कोणी बोलूक नको म्हणान बोललंय. माका तू बोलतसच.”

दादा त्यांच्या बाजूला बाकावर बसला. कंपाउंडर पुढचा नंबर पुकारत होता. मला कुणी काही बोललं नाही, आणि त्याने बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. रडू येत होतं, पण तेवढं बळही माझ्याजवळ नव्हतं. शेवटी दादा म्हणाला, “संपाचं मी बोललो होतो ना, ते...” बाबा म्हणाले, “होय रे. चल घराक.” ते वाक्य दादाने कधी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती, असं मी मानते. बाबांनी काय मानलं ते मला माहीत नाही.

घरी एकवीस बाटल्या उरल्या होत्या, आणि त्या कधीही फुटल्या असत्या. दादाने तिकडून आणलेलं ब्लँकेट अंगाला गुंडाळलं, हाताला गोधडीचे तुकडे बांधले, आणि एकेक बाटली गॅलरीच्या टोकाला नेऊन तिच्यावर ओलं फडकं टाकून झाकण उघडलं. प्रत्येक वेळी फेस छतापर्यंत. चाळीतले सगळे बाहेर येऊन बघत होते. आईने ठरलेलं उत्तर प्रत्येकाला दिलं, “जवाचा पाणी, किडनीक चांगला.” कोळीण खालून वर बघत म्हणाली, “बाई, मला काय नाक नाही होय?” आणि हसत आत गेली. कुणी तक्रार केली नाही. पुढे चार दिवस गॅलरीत शिळ्या भाकरीसारखा वास होता.

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या आठवड्यात आईने आपण होऊन जव भिजत घातले.

दुसऱ्या वेळी घाई नव्हती. मीटर नव्हता, म्हणून दादाने पिंप पुरते तीन आठवडे ठेवलं. बाबा रोज झाकण उघडून थेंबभर जिभेवर घ्यायचे आणि गोडी किती उरली ते सांगायचे. “अजून आसा,” ते म्हणायचे. एक दिवस म्हणाले, “संपली.” तरी दादा आणखी पाच दिवस थांबला. बाटल्या पुन्हा मी धुतल्या. बाबांच्या हाताला अजून बळ नव्हतं, म्हणून दांडा दादाने दाबला आणि बाबांनी डाव्या हाताने बाटली फिरवली. “थोडा आणखी दाब. बस.” भरलेल्या बाटल्या या वेळी लाकडी खोक्यात, वर फळी, आणि खाटेखाली नाही, मोरीच्या कोपऱ्यात. पहिले दहा दिवस मी मोरीत जाताना पायात चप्पल घालून जायचे.

एकही फुटली नाही.

एका रविवारी दुपारी बर्फाच्या लादीचा तुकडा आणून तीन बाटल्या बादलीत ठेवल्या. दादाने पहिली उघडली. छान सुस्कारा आला, फेस मानेपर्यंत आला आणि थांबला. त्याने ग्लास तिरका धरून हळू ओतली, गाळ बाटलीतच ठेवून. रंग चहासारखा, जरा गढूळ. मी सवयीने ग्लास उजेडात धरला. दादा म्हणाला, “बाई, नापास करू नकोस.”

चव सांगायची तर कडू. मग भाजलेल्या जवाची, आणि शेवटी पुन्हा काडेचिराईताची. झकास वगैरे काही नव्हती. आईने पदराआड एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बाबांनी ग्लास संपवला, मिशी पुसली आणि दादाला म्हणाले, “पुढच्या वेळेक एकच काडी घाल.” त्या दुपारी दोघं गॅलरीत बसून बोलत होते. मी आत आडवी होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज येत होता. त्या आवाजात मला झोप लागली. मी तिन्हीसांजेपर्यंत झोपले.

पुढची वेळ आली नाही. दादाचा व्हिसा महिनाभरात झाला, दुसऱ्या देशाचा, आणि तो गेला. पुढे तो एकवीस वर्षं तिकडेच राहिला. उरलेल्या बाटल्या बाबांनी एकेक करून प्यायल्या, रविवारी एक, डाव्या हाताने ग्लास धरून. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटायची नाहीत. त्यांना मुलुंडला एका नव्या इमारतीत वॉचमनची नोकरी मिळाली, आणि ती त्यांनी आठ वर्षं केली.

शेवटची बाटली संपल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं होतं. मी नुकतीच कामावरून आले होते. ते म्हणाले, “जव आणूया काय गो? बाटल्यो तू धुशीत, बाकीचा मी करतंय.”

त्यांनी माझ्याकडे आपण होऊन काही मागितल्याचं मला तेवढं एकच आठवतं. मी म्हणाले, “बाबा, आता नको. माझ्याच्याने नाही होणार.” ते म्हणाले, “बरा.” संध्याकाळी स्टुलावर चढून त्यांनी यंत्र माळ्यावर टाकलं. पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.